खारट पाण्याचा हिशेब

हैदराबादेत नळ कोरडा पडला की आम्हांस बोअरच्या मचूळ पाण्यावर तहान भागवावी लागते. प्रयोगशाळेत सिल्व्हर नायट्रेटने आम्ही ते तपासले. मिठाच्या हिशेबाने लिटरमागे ४०० मिलिग्रॅम भरले. आणि भारतीय मानकाची क्लोराइडची इष्ट मर्यादा तर २५०! 'पिऊ नये' अशी पाटी आम्ही लगोलग टांगली. रखवालदारकाका रिकाम्या घागरी घेऊन परत फिरले. गुरुजी एवढेच म्हणाले, "मीठ म्हणजे सारे क्लोराइडच का रे?"

सोडियम २३, क्लोरीन ३५.५, म्हणजे ५८.५ भाग मिठात क्लोरीनचे भाग ३५.५च. पुन्हा हिशेब मांडला : २४३. ओशाळून पाटी उतरविली, काकांकडे धावलो. उन्हाळ्यात विहिरी आटल्या म्हणजे मात्र पुन्हा मोजणार आहोत. सात मिलिग्रॅमांचे अंतर ते केवढे!