बीबीसीवरचा बहुरूपी आणि भोपाळ

बहुरूपी आता आपल्या सीमाभागात फारसे दिसत नाहीत. पण चाळिशी ओलांडलेल्या वाचकांना ते नक्की आठवत असतील. खाकी कपडे, हातात दंडुका, काखेत जुनी वही. दारात उभे राहून "वॉरंट निघालंय, चला ठाण्यावर" असा दम भरायचा. नवी सून घाबरून आत पळायची. म्हातारी मात्र शांतपणे पसाभर जोंधळे घेऊन बाहेर यायची, आणि मग दम देणाराच हसून झोळी पुढे करायचा. कन्नडमध्ये याला हगलुवेषगार म्हणतात. (हगलु म्हणजे दिवस. मराठी कानांनी भलता अर्थ घेऊ नये!) भर दिवसा सोंग घेणारा तो हगलुवेषगार. रात्रीच्या नाटकाला पडदा असतो, तिकीट असते, समोर चालले आहे ते खोटे हे आधीच ठाऊक असते. इथे यातले काहीच नसते.

असाच एक बहुरूपी ३ डिसेंबर २००४ रोजी थेट बीबीसी वर्ल्डच्या पडद्यावर आला. भोपाळच्या वायुकांडाला त्या दिवशी वीस वर्षे झाली होती. आपल्याकडे दुपारचे अडीच वाजले असतील. पॅरिसच्या स्टुडिओत सूट घालून बसलेल्या या गृहस्थांची ओळख 'डाऊ केमिकल कंपनीचे प्रवक्ते ज्यूड फिनिस्टेरा' अशी करून देण्यात आली. युनियन कार्बाइड ही कंपनी डाऊने २००१ साली विकत घेतली होती. फिनिस्टेरा म्हणाले की भोपाळची संपूर्ण जबाबदारी डाऊ स्वीकारत आहे. युनियन कार्बाइड मोडीत काढून १२ अब्ज डॉलर उभे केले जातील. त्यातून पीडितांना भरपाई मिळेल, औषधपाण्याची सोय होईल, कारखान्याची जागाही साफ केली जाईल.

तासाभराने हीच मुलाखत पुन्हा झाली. फ्रँकफर्टच्या शेअर बाजारात २३ मिनिटांत डाऊचा भाव चार टक्क्यांहून अधिक घसरला. कंपनीचे बाजारमूल्य सुमारे २ अब्ज डॉलरनी उतरले. भोपाळमध्ये लोक आनंदाने रडल्याच्या बातम्या आल्या. मग खऱ्या डाऊने खुलासा केला की असा कोणी माणूस आमच्याकडे नाही. बीबीसीने बातमी मागे घेतली, माफी मागितली. भाव पुन्हा वर गेला.

हा माणूस 'यस मेन' नावाच्या अमेरिकन जोडगोळीपैकी एक होता. डाऊच्या संकेतस्थळासारखे दिसणारे एक बनावट संकेतस्थळ त्यांनी २००२ सालीच उघडून ठेवले होते. भोपाळच्या स्मृतिदिनासाठी प्रवक्ता हवा म्हणून बीबीसीच्या कोणीतरी त्यावरच्या पत्त्यावर पत्र पाठवले. जाळे लावून कोळी बसला होता आणि माशी आपण होऊन आली. नावातही खूण होती. ज्यूड हा ख्रिस्ती परंपरेत अशक्य कामांचा रक्षक संत, आणि फिनिस्टेरा म्हणजे पृथ्वीचा शेवट. ते कोणाच्या लक्षात आले नाही.

हा प्रसंग मी इंग्रजीच्या वर्गात उपहास शिकवताना अनेकदा सांगतो. मुले खळखळून हसतात. १२ अब्जाचा आकडा ऐकून रडलेल्यांचे काय, असा प्रश्न एका मुलीने विचारला तेव्हा वर्ग गप्प झाला. पुढे एका चर्चासत्राच्या निमित्ताने भोपाळला जाण्याचा योग आला, तेव्हा तो प्रश्न बरोबर होता.

आपल्या वाचकांना भोपाळ वाटते तितके लांब नाही. गोवा एक्स्प्रेस बेळगाव, मिरज, पुणे, मनमाड, भुसावळ, इटारसी करत भोपाळला जाते. गाडी बदलावी लागत नाही. मराठी माणसाला हे गाव इतिहासाच्या पुस्तकातही भेटते. १७३७ च्या डिसेंबरात बाजीरावाने निजामाला भोपाळजवळच कोंडले होते. पण शहराची ठेवण पाहिली तर त्यावर छाप आहे ती नवाब बेगमांची. चार पिढ्या इथे बायकांनी राज्य केले. ताज-उल-मसाजिदचे अवाढव्य गुलाबी मनोरे, मोठा तलाव, तलावाकाठी चार्ल्स कोरिया यांनी उभारलेले भारत भवन, हे सगळे एका दिवसात पाहून होते. जुन्या शहरातली 'पटियेबाजी' मात्र एका दिवसात कळायची नाही. दुकानांपुढच्या दगडी फरशांवर, म्हणजे पटियांवर, रात्री उशिरापर्यंत बैठका बसतात आणि थापांना ऊत येतो. 'शोले'मधला जगदीपचा सूरमा भोपाली आठवा. (तो सिनेमा झाला आपल्या कर्नाटकातल्या रामनगरात, हे मी तिथे अभिमानाने सांगितले. कोणावर फारसा परिणाम झाला नाही.)

थापेची इतकी पारख असलेल्या या गावाने त्या दुपारी बीबीसीवर विश्वास ठेवला. कारण ती बीबीसी होती. आपल्या आजोबांची पिढी रेडिओ कानाला लावून लंडनची बातमी आली की मगच खरी मानायची. इंग्रज गेला, पण त्याच्या बातमीचा शिक्का राहिला.

स्टेशनच्या उत्तरेला, फार लांब नाही, कार्बाइडचा कारखाना आहे. भिंतीबाहेर रस्ता, रस्त्यापलीकडे जयप्रकाश नगरची वस्ती, आणि तिथेच मूल कवटाळून धावणाऱ्या आईचा पुतळा. तो रूथ वॉटरमन या डच शिल्पकर्तीने १९८५ साली केला. आत गंजलेले पाइप आणि झाडोरा. 'युनियन कार्बाइड' हे नाव आपल्यालाही परके नव्हते. एव्हरेडीचे सेल तीच कंपनी करायची. रात्री शेतावर पाणी पाजायला जाताना हातात असायची ती बॅटरी याच घराण्यातली. भोपाळला ती 'सेव्हिन' हे कीटकनाशक बनवायची आणि त्यासाठी मिथाइल आयसोसायनेट हा जहाल पदार्थ टाक्यांत साठवायची. हा पदार्थ थंड ठेवावा लागतो आणि त्याला पाण्याचा स्पर्श होऊ द्यायचा नसतो. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री ६१० क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरले. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा खर्च वाचवण्यासाठी आधीच बंद केलेली होती. निसटलेला वायू जाळून टाकणारी मशालही दुरुस्तीसाठी बंद होती. सुमारे ४० टन विष शहरावर पसरले. स्टेशनवर उपअधीक्षक गुलाम दस्तगीर यांनी फलाटाला लागलेली गोरखपूरची गाडी वेळेआधी पुढे काढली, म्हणून त्यातली माणसे वाचली.

हे अचानक घडले असे म्हणायची सोय नाही. १९८१ च्या डिसेंबरात याच कारखान्यात फॉस्जीनने एक कामगार दगावला होता. राजकुमार केसवानी हे तरुण पत्रकार १९८२ पासून 'रपट' नावाच्या आपल्या छोट्या साप्ताहिकात, शहर ज्वालामुखीच्या तोंडावर बसले आहे, असे लिहीत होते. (साप्ताहिकात लिहिणाऱ्याला हे वाचताना गहिवरून येते आणि रागही येतो.) विधानसभेत प्रश्न निघाला, तेव्हा राज्याचे तेव्हाचे कामगारमंत्री जे बोलले त्याचा मथितार्थ असा: पंचवीस कोटींचा कारखाना म्हणजे काही उचलून दुसरीकडे ठेवायचा दगड नव्हे, आणि शहराला धोका नाही.

हे वाचताना मला राहून राहून 'यस मिनिस्टर' आठवते. बीबीसीची ही विनोदी मालिका १९८० मध्ये सुरू झाली. आपल्याकडे २००१ साली तिचेच हिंदी रूप 'जी मंत्रीजी' नावाने आले, त्यात फारूख शेख मंत्री होते. मूळ मालिकेत १९८१ सालचा एक भाग रासायनिक कारखान्यावर आहे. इटलीत सेवेसो येथे १९७६ मध्ये झालेल्या वायुगळतीची सावली त्याच्यावर स्पष्ट दिसते. भागाची गंमत अशी की कथेतले रसायन निरुपद्रवी आहे. शास्त्रज्ञाचा अहवालही तसाच येणार असतो. पण नावावरून लोक घाबरलेले, मते जाण्याची भीती. मग मंत्रिमहोदय शास्त्रज्ञाला गाठतात, उद्या वर्तमानपत्रे काय लिहितील ते रंगवून सांगतात आणि अहवालाची भाषा मोघम करून घेतात. कारखाना रद्द! निर्णय यंत्राविषयी, पण त्यात यंत्राचा विचार शून्य. भोपाळमध्ये फक्त उलटे झाले. विष खरे होते आणि मंजुरी कायम राहिली. लंडनला घरी बसून ज्यावर हसता येत होते, त्याचीच प्रत भोपाळच्या विधानसभेत निघत होती. इंग्रजांचा विनोद कडवट असतो म्हणतात. आपल्याकडे पोचेपर्यंत त्यातला विनोद गळून जातो.

आता १२ अब्जांचा हिशेब करू. २००४ च्या दराने हे साधारण ५४ हजार कोटी रुपये. बाधितांची संख्या साडेपाच लाखांवर. म्हणजे माणशी साडेनऊ-दहा लाख. प्रत्यक्षात १९८९ च्या तडजोडीत मिळाले ४७ कोटी डॉलर. बहुतेक बाधितांच्या हाती २५ हजार रुपये पडले आणि शिल्लक रकमेतून २००४ नंतर आणखी साधारण तेवढेच. ज्या बाईने वीस वर्षे फुप्फुसांची औषधे विकत घेतली, तिने बीबीसीवर हा आकडा ऐकला असेल, तर ती का रडली हे वेगळे सांगायला नको.

मग हा विनोद क्रूर होता का? बीबीसीने आपण एका गुंतागुंतीच्या फसवणुकीला बळी पडलो असे म्हटले, आणि पीडितांच्या भावनांशी खेळल्याची टीका यस मेनवर झाली. मला वाटते, हसे झाले ते कंपनीचे आणि टीव्हीचे, पण त्या दोन तासांचा खर्च भोपाळच्या माथी बसला. हे दोन्ही एकाच वेळी खरे आहे आणि मी त्यातले एक झाकून दुसरे सांगणार नाही. मात्र एक गोष्ट त्या सोंगाशिवाय घडली नसती. बातमी खोटी आहे हे जगाला सांगण्यासाठी कंपनीला सांगावे लागले की जबाबदारी आम्ही घेतलेली नाही आणि पैसे देणार नाही. यस मेन एवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी डाऊच्या नावाने दुसरे बनावट पत्रक काढले. आमची बांधिलकी भोपाळशी नसून भागधारकांशी आहे, असा त्याचा आशय होता. हे पत्रकही काही ठिकाणी खरे म्हणून छापले गेले. पहिली थाप ऐकून बाजार कोसळला होता. दुसरी ऐकून कोणाला नवल वाटले नाही.

नंतर हे दोघे भोपाळला आले. २००९ च्या त्यांच्या चित्रपटात ती भेट आहे. आधी वाईट वाटले, पण जगाने पुन्हा आमच्याकडे पाहिले, असा तिथल्या लोकांचा सूर होता. याहून थरकाप उडवणारा त्यांचा प्रयोग २००५ च्या एप्रिलमधला, लंडनमधला. बँकवाल्यांच्या एका परिषदेत डाऊचे प्रतिनिधी म्हणून उभे राहून त्यांनी सांगितले की किती माणसे मेली तर धंदा परवडतो याचे गणित आता यंत्राने मांडता येते. सोबत एक सोन्याच्या रंगाचा सांगाडा आणला होता. सभागृहातून कोणी त्यांना हाकलले नाही. काहींनी सांगाड्याबरोबर छायाचित्रे काढून घेतली.

२००९ च्या जुलैत त्यांनी लंडनजवळच्या डाऊच्या कार्यालयात कारखान्याशेजारच्या हातपंपाचे पाणी सुंदर बाटल्यांत भरून नेले. बाटलीवर नाव होते 'बो-पाल'. फ्रेंचमध्ये 'बो' म्हणजे सुंदर. कार्यालयात कोणी नव्हते.

त्याच ब्रिटनचे दुसरे रूपही सांगायला हवे. इंद्र सिन्हा यांनी १९९४ साली 'गार्डियन'मध्ये भोपाळसाठी जाहिरात लिहिली. त्यातून जमलेल्या सामान्य वाचकांच्या पैशावर १९९६ मध्ये संभावना दवाखाना उभा राहिला. तिथे आजही विनामूल्य उपचार होतात; आधुनिक औषधे, आयुर्वेद आणि योग एकाच छपराखाली. या सिन्हांनीच पुढे 'अ‍ॅनिमल्स पीपल' ही कादंबरी लिहिली. ती २००७ साली बुकरच्या अंतिम यादीत होती. तिच्यातला कुबडा निवेदक इतका शिवराळ आणि मिस्कील आहे की आमच्या मुलांना भोपाळ पहिल्यांदा कळते ते त्याच्या तोंडून.

न्यायालयाची गोष्ट लवकर सांगून होते. २०१० मध्ये सात भारतीय अधिकाऱ्यांना दोन वर्षांची शिक्षा आणि लगेच जामीन. वॉरन अँडरसन २०१४ साली अमेरिकेत वारले. त्यांना भारतात कधी आणता आले नाही. वाढीव भरपाईची केंद्राची याचिका सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये फेटाळली. आवारात पडून असलेला ३३७ टन विषारी कचरा जानेवारी २०२५ मध्ये पीथमपूरला नेला. तिथल्या लोकांनी त्याविरुद्ध आंदोलन केले. जूनअखेर तो जाळून झाला. जमिनीत मुरलेले अजून तिथेच आहे.

शहरात 'रिमेंबर भोपाळ' हे छोटे संग्रहालय आहे. ते २०१४ साली पीडितांच्या संघटनांनी सुरू केले, सरकारची मदत न घेता. भिंतीवर जुन्या पद्धतीचे टेलिफोन टांगले आहेत. रिसीव्हर उचलून कानाला लावला की त्या रात्रीविषयी कोणीतरी बोलू लागते. हिंदीत, भोपाळी ढंगात, न रडता. मी तीन रिसीव्हर उचलले. चौथ्याकडे हात गेला तेव्हा सोबतच्या सहकाऱ्यांनी घड्याळ दाखवले. गाडीची वेळ झाली होती.