खानदानी कोणाला म्हणावे?

आपल्याकडे सोयरीक जुळवताना कुळाची चौकशी निघाली की शहाण्णव कुळांची यादी कोणीतरी काढतोच, आणि यादी निघाली की तंटा ठरलेला. कारण दोन घरच्या दोन याद्या एकमेकींशी कधी जुळत नाहीत. असलाच तंटा अमेरिकेत, कुळगोत्राशी ज्या देशाला काही कर्तव्य नाही असे आपण समजतो त्या देशात, जेवणाच्या टेबलावर आणि तोही चेंडूच्या खेळावरून ऐकावा लागेल, असे इंदूरहून निघताना आमच्या स्वप्नातही आले नव्हते.

२०२४ च्या नोव्हेंबरात आम्ही उभयता ओहायो राज्यातील कोलंबस या गावी चिरंजीवांकडे मुक्कामास होतो. चिरंजीव तेथीलच ओहायो स्टेट विद्यापीठाचे पदवीधर. थँक्सगिव्हिंगच्या सणासाठी कन्या व जावई आले. जावईबापू शेजारच्या मिशिगन विद्यापीठात शिकलेले. सण गुरुवारी आणि शनिवारी या दोन विद्यापीठांचा फुटबॉलचा सामना, तोही कोलंबसलाच. त्या आठवड्यात ओहायो स्टेटच्या आवारातील पाट्यांवर जेथे जेथे इंग्रजी ‘एम’ हे अक्षर असेल तेथे तेथे तांबडी फुली मारून ठेवतात, का तर मिशिगनचे आद्याक्षर डोळ्यांना दिसू नये! आमच्या सात वर्षांच्या नातवाने ही धर्माज्ञा इतक्या निष्ठेने पाळली की आजीच्या गोळ्यांच्या डबीवरील सोमवारच्या खणाचा ‘एम’देखील त्याने खोडून टाकला, आणि त्या सोमवारच्या गोळ्या मंगळवारी घेतल्या गेल्या.

तेथील फुटबॉल म्हणजे आपला फुटबॉल नव्हे. दोन्ही टोकांना निमुळता असा लांबट चेंडू, तो पायाने थोडा आणि हाताने फार खेळायचा. अंगावर चिलखत आणि डोक्यावर शिरस्त्राण. व्यावसायिक संघ निराळे आहेतच, परंतु कित्येक राज्यांत लोकांचा खरा जीव गुंतलेला असतो तो विद्यापीठांच्या संघांत. ओहायो स्टेटच्या स्टेडियममध्ये एक लाखाहून अधिक माणसे बसतात आणि मिशिगनच्या स्टेडियममध्ये त्याहूनही जास्त. विद्यार्थ्यांचा खेळ पाहावयास लाख माणसे! आम्हाला वाटले, पोरे आम्हा म्हाताऱ्यांची थट्टा करीत आहेत.

जेवताना वाद पेटला तो खानदानी संघ कोणते यावर. त्यांना तिकडे ‘ब्लू ब्लड’ म्हणतात. बहुतेकांच्या तोंडी आठ नावे असतात: मिशिगन, ओहायो स्टेट, नोटर डेम, अलाबामा, ओक्लाहोमा, टेक्सस, नेब्रास्का आणि सदर्न कॅलिफोर्निया. पण आठांतले कोण खरे, कोण उपरे आणि बाहेरचा कोण आत घ्यावयाचा, यावर एकमत म्हणून नाही. जावईबापूंनी पहिला डाव टाकला: नोव्हेंबर २०२३ मध्ये एक हजार विजय पुरे करणारा मिशिगन हा पहिला संघ, याउपर प्रमाण ते काय पाहिजे? चिरंजीव म्हणाले, तुम्ही १८७९ पासून खेळता आणि आम्ही १८९० पासून. आधी पंगतीला बसलेल्याच्या पानात चार पोळ्या जास्त दिसणारच.

आम्ही भाबडेपणाने विचारले, की विजेतेपदे मोजली म्हणजे प्रश्न मिटला नाही काय? यावर दोघेही हसले. पुढे जे कळले ते आमच्या मते या साऱ्या प्रकरणाचे मूळ आहे. या खेळात कित्येक दशके अखिल देशाचा असा अंतिम सामनाच नव्हता. विजेता कोण हे मैदानावर ठरत नसे, मतांवर ठरे. १९३६ पासून असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने पत्रकारांची मते घेऊन क्रमवारी लावण्यास आरंभ केला. तत्पूर्वीच्या वर्षांचे विजेते तर कित्येकदा मागाहून, कोणी आकडेमोड करून तर कोणी जुनी कात्रणे चाळून ठरविलेले. चार संघांची बाद फेरी आली ती २०१४ साली आणि बारा संघांची आली ती आम्ही तेथे होतो त्याच हंगामात. त्यामुळे जुना हिशेब ज्याचा त्याच्या वहीत. अलाबामाचे विद्यापीठ १९४१ चे विजेतेपद आपले म्हणून सांगते, आणि त्या वर्षी वृत्तसंस्थेच्या यादीत त्याचा क्रमांक होता विसावा! प्रिन्स्टन आणि येल ही पूर्वेकडील जुनी विद्यापीठे प्रत्येकी पंचवीसहून अधिक विजेतेपदे सांगतात. १८६९ मध्ये पहिला आंतरविद्यापीठीय सामना झाला तो रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यातच. पण या मंडळींनी पुढे आपली निराळी पंगत मांडली, खेळासाठी शिष्यवृत्ती द्यावयाची नाही असे ठरविले, आणि मोठ्या स्पर्धेतून ती बाजूला झाली. आज त्यांना कोणी खानदानी म्हणत नाही, निदान या खेळात तरी.

नोटर डेमवर मात्र दोघांचेही एकमत झाले, आणि त्याचे कारण आम्हास फार रुचले. ते कॅथलिकांचे विद्यापीठ. आयर्लंड, इटली, पोलंड येथून आलेली गरीब कॅथलिक कुटुंबे ज्या शहरांत विखुरली, तेथे त्यांना परकेच समजले जाई. त्यांतील अगणित लोकांनी त्या विद्यापीठाचे तोंडही पाहिले नव्हते. परंतु न्यूट रॉक्नी या प्रशिक्षकाच्या हाताखाली १९२० च्या दशकात तो संघ जिंकू लागला तसा तो या सर्वांचा संघ झाला. परमुलखात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आपल्यासारख्यांना याचा अर्थ समजावून सांगावयास नको.

नेब्रास्काचे नाव निघाले तेव्हा कन्या बोलली. १९७० ते १९९७ च्या दरम्यान या संघाने पाच राष्ट्रीय विजेतेपदे मिळविली, त्यानंतर एकही नाही. चिरंजीव म्हणाले, नाव काढून टाका. कन्या म्हणाली, “दादा, त्यांचं एकूण एक तिकीट १९६२ पासून खपतं आहे. संघ हरतो तरी माणसं येतात. मग खानदान कुणाचं म्हणायचं, संघाचं की येणाऱ्यांचं?” यावर चिरंजीवांनी आणखी श्रीखंड वाढून घेतले. निरुत्तर झाले की लहानपणापासून त्यांची हीच रीत.

टेबलाच्या टोकाला शेजारचे एक वृद्ध गृहस्थ बसले होते. पंचाऐंशीच्या घरातले, एकटे राहणारे, म्हणून सूनबाईंनी आग्रहाने बोलावलेले. इतका वेळ ते मुकाट्याने ऐकत होते. आता त्यांनी एकच नाव उच्चारले: शिकागो. पोरे हसली. तेही हसले, आणि मग सावकाश सांगू लागले.

शिकागो विद्यापीठात अमोस अलोन्झो स्टॅग यांनी १८९२ पासून चाळीस वर्षे संघ घडविला. मिशिगन छप्पन्न सामने अपराजित होते, ते १९०५ साली शिकागोने त्यांना २-० असे हरविले. उत्तम खेळाडूला दरवर्षी मिळणारी हाइझमन ट्रॉफी १९३५ मध्ये पहिल्यांदा दिली गेली ती शिकागोच्या जे बर्वॅन्गरला. पण विद्यापीठाचे अध्यक्ष रॉबर्ट हचिन्स यांच्या मते या खेळाचा विद्येशी काही संबंध नव्हता. संघ दुबळा होत गेला. १९३९ मध्ये जावईबापूंच्याच मिशिगनने त्यांना ८५-० असे चिरडले आणि त्याच वर्षाअखेर विद्यापीठाने संघच मोडून टाकला. ओस पडलेल्या त्या स्टेडियमच्या पश्चिम बाजूच्या पायऱ्यांखाली २ डिसेंबर १९४२ रोजी एन्रिको फर्मी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अणूंची पहिली नियंत्रित साखळी प्रक्रिया घडवून आणली. पायऱ्या पुढे १९५७ मध्ये पाडल्या गेल्या. आता त्या जागी विद्यापीठाचे ग्रंथालय आहे. १९६९ मध्ये खेळ पुन्हा सुरू झाला, परंतु लहान विद्यालयांच्या खालच्या श्रेणीत.

वृद्ध गृहस्थ त्याच विद्यापीठाचे पदवीधर. ते शिकावयास गेले तेव्हा संघ नव्हता. सामने पाहिले होते ते त्यांच्या वडिलांनी. “मला ठाऊक आहे ते सारे ऐकीव,” ते म्हणाले.

आमच्या हातातला घास हातातच राहिला. कारण आमचेही सारे ऐकीवच आहे. होळकर संघ आम्ही पाहिला नाही. १९४४-४५ ते १९५४-५५ या अकरा हंगामांत दहा वेळा रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात पोहोचलेला आणि चार वेळा तो जिंकलेला आमच्या इंदूरचा संघ आमच्या जन्मापूर्वीच नाहीसा झाला होता. १९४६ मध्ये यशवंत क्लबच्या मैदानावर म्हैसूरविरुद्ध होळकरांनी ८ बाद ९१२ धावा केल्या, एकाच डावात सहा जणांची शतके. भांडारकर, सरवटे, जगदाळे, निंबाळकर, प्रतापसिंग आणि पन्नाशी गाठलेले कर्नल सी. के. नायडू. ही सहा नावे आमचे वडील परवच्यासारखी म्हणून दाखवीत. शाळा बुडवून ते कुंपणापाशी उभे होते. आणि १९४६-४७ च्या अंतिम सामन्यात बडोद्याच्या विजय हजारे व गुल महंमद यांनी होळकरांविरुद्ध ५७७ धावांची भागीदारी केली, हे सांगताना त्यांचा आवाज खाली येई. (बडोदेकर वाचकांचा याच ठिकाणी वर जात असेल.) संस्थान विलीन झाले, पुढे संघाचे नावही गेले, मध्य भारत झाला, मग मध्य प्रदेश.

२६ जून २०२२ रोजी बंगळुरूत मध्य प्रदेशाने मुंबईला सहा गडी राखून हरविले. जिकडेतिकडे एकच घोष झाला, मध्य प्रदेशाला प्रथमच रणजी करंडक. वडील तेव्हा नव्वदी ओलांडलेले, खाटेवर. ते म्हणाले, “पाचव्यांदा.” आम्ही त्यांना समजावू लागलो, की बाबा, तो संघ निराळा, हा निराळा, कागदोपत्री होळकरांची खाती वेगळी आहेत. त्यांनी भिंतीकडे तोंड केले. पुढच्या वर्षी ते गेले.

आम्ही म्हटले ते बरोबर होते, आजही आमचे मत तेच आहे. भोपाळ-जबलपूरच्या पोरांनी मिळविलेले यश होळकरांच्या खात्यावर टाकणे म्हणजे अलाबामाचे १९४१. परंतु बरोबर असलेली ती गोष्ट त्या दिवशी बोलण्याची आम्हाला काही आवश्यकता नव्हती, हे कोलंबसच्या त्या टेबलावर प्रथम आमच्या ध्यानात आले, आणि शिकागोचे नाव ऐकून हसलेल्या पोरांना आम्ही काही बोललो नाही याचे बरे वाटले.

शनिवारी मिशिगनने ओहायो स्टेटला त्यांच्याच अंगणात १३-१० असे हरविले. घरात सुतक पडावे तशी शांतता. जावईबापू शहाणे, आनंद गॅरेजमध्ये जाऊन करून आले. गंमत अशी की जानेवारी २०२५ मध्ये त्या हंगामाचे राष्ट्रीय विजेतेपद पटकावले ते याच हरलेल्या ओहायो स्टेटने. तेव्हा चिरंजीवांचे आनंदलेले बोलणे आम्ही दूरध्वनीवर ऐकले, पण तेही मधेच थांबून म्हणाले, “तरी पण मिशिगनकडून हरलोच, बाबा.”

निघण्याच्या आदल्या दिवशी आम्ही शेजारच्या गृहस्थांचा निरोप घ्यावयास गेलो. होळकर संघाची सारी हकिकत त्यांनी आमच्याकडून पुन्हा ऐकून घेतली, धावा विचारल्या, कर्नल नायडूंचे वय विचारले. मग म्हणाले, तुमच्या त्या मैदानावर आता काय आहे?

आम्ही सांगितले, क्लब आहे. नाव तेच आहे.

“मग तुमचे बरे आहे,” ते म्हणाले, आणि चहासाठी आधण ठेवावयास उठले.