फॉरमॅटची खूण करण्याआधी

माझ्या लॅपटॉपवर अशिलांचे करारनामे, वकीलपत्रं, सातबारा उतारे असतात. त्यामुळे बूट पार्टिशन सोडून सगळी डिस्क 'लक्स' पद्धतीने एन्क्रिप्ट केलेली आहे. लिनक्स मिंट नव्याने बसवायचं ठरलं तेव्हा अट एकच होती: जुनी सिस्टिम गेली तरी चालेल, होम जागचं हलता कामा नये.

पेन ड्राइव्हवरून मिंट सुरू केलं आणि इन्स्टॉलरला हात न लावता आधी टर्मिनल उघडलं. बॅकअप घेतलेला होताच. तरी लक्स हेडरची प्रत वेगळ्या पेन ड्राइव्हवर काढली. पासफ्रेज पाठ आहे म्हणजे डेटा आपल्या हातात आहे, असं बरेच जण धरून चालतात. तसं नसतं. डिस्क एन्क्रिप्ट होते ती मशीनने स्वतः बनवलेल्या किल्लीने. ती किल्ली पार्टिशनच्या सुरुवातीला, हेडरमध्ये बंदिस्त असते आणि पासफ्रेज फक्त तिच्यापर्यंत पोचवतो. म्हणूनच पासफ्रेज बदलला तरी अख्खी डिस्क नव्याने लिहावी लागत नाही. पण लक्स-२ चा हा साधारण १६ एमबीचा हेडर पुसला गेला आणि त्याची प्रत नसेल, तर पासफ्रेज तोंडपाठ असूनही आतलं काही परत मिळत नाही.

मग 'क्रिप्टसेटअप'ने कुलूप उघडलं, एलव्हीएम सुरू केलं आणि त्यानंतरच इन्स्टॉलर. आता यादीत रूट आणि होम वेगवेगळे दिसले. रूटवर फॉरमॅटची खूण केली, होमवर नाही.

इन्स्टॉल संपल्यावर लगेच रीस्टार्ट केलं नाही. नव्या सिस्टिममध्ये 'सीएचरूट' करून, बूट पार्टिशन माउंट करून क्रिप्टटॅबमध्ये एन्क्रिप्टेड पार्टिशनचा यूयूआयडी लिहिला. नाव तेच ठेवलं, जे कुलूप उघडताना दिलं होतं. शेवटी इनिटरामएफएस अपडेट केलं. एवढं राहिलं तर सुरू होताना सिस्टिमला रूट सापडत नाही आणि काळ्या पडद्यावर नुसता प्रॉम्प्ट येतो. घाबरलेली माणसं तिथेच सगळं पुसून पुन्हा इन्स्टॉल करतात. खरं तर डेटा शाबूत असतो.

माझ्या एका सहकाऱ्याला पासफ्रेज देवनागरीत हवा होता. पण सुरू होताना पासफ्रेज विचारणाऱ्या पडद्यावर इनस्क्रिप्ट कीबोर्डचा भरवसा धरू नये. मराठी वाक्यच रोमन अक्षरांत लिहावं.

हेडरची प्रत मात्र जपून ठेवा. तुम्ही नंतर पासफ्रेज बदललात, तरी जुन्या प्रतीला जुना पासफ्रेज चालतोच. तो कुणाला कळल्याचा संशय आला, तर नवी प्रत काढा आणि जुनी नष्ट करा.