वॅट मागाहून, आधी कोन

ऑसिलेटिंग मल्टिटूलच्या डब्यावर वॅटचा आकडा ठळक असतो, शेजारी मिनिटाला वीस हजार असा आणखी एक दणदणीत आकडा असतो, आणि पातं नेमकं किती अंशांत हलतं हे मात्र डबा चारही बाजूंनी फिरवून पाहिला तरी बऱ्याचदा सापडत नाही. स्वस्त मशीनच्या बाबतीत हे जास्त. याची मला अजून चीड येते. हे मशीन गरगर फिरत नाही. त्याचं पातं जागच्या जागी डावी-उजवीकडे थरथरतं. त्यामुळे वीस हजारांचा आकडा ड्रिल किंवा ग्राइंडरच्या आकड्याशी ताडून बघण्यात काही अर्थ नाही, आणि ज्या आकड्यावरून घरगुती गिऱ्हाइकाला माल पारखता येईल तोच गाळलेला. माझं म्हणणं असं, की परवडणारं मल्टिटूल निवडताना आधी कोन बघावा, मग पातं बसवायची जागा, मग त्या पात्यांची किंमत. वॅट सगळ्यात शेवटी. आणि हे पुण्या-मुंबईच्या फ्लॅटपेक्षा हिर्डोशीसारख्या गावातल्या घराला जास्त लागू पडतं.

मशीन तसं साधं. मुठीत मावेल एवढी बॉडी, पुढे आडवं पातं, आत मोटर. मोटर फिरते, पण पुढच्या विकेंद्री बेअरिंगमुळे ते फिरणं झुलण्यात बदलतं. याचं मूळ सुतारकामात नसून दवाखान्यात आहे. मोडलेल्या हाडावरचं प्लॅस्टर कापायला अमेरिकेतले अस्थिशल्यविशारद होमर स्ट्रायकर यांनी 1940 च्या दशकात अशी थरथरणारी करवत केली. कडक प्लॅस्टर कापलं जातं, खालची मऊ कातडी मात्र पात्याबरोबर हलते आणि वाचते. जर्मनीतल्या फाइन कंपनीनं (हातात धरायचं विजेवरचं पहिलं ड्रिल 1895 मध्ये हिनेच बनवलं) 1967 मध्ये आपली प्लॅस्टर कापायची करवत आणली आणि पुढे त्यातूनच सुताराच्या हातातलं मशीन घडवलं. पेटंट होतं तोवर ते महागच राहिलं. 2000 च्या दशकाच्या अखेरीस पेटंटची मुदत संपली आणि एकापाठोपाठ एक सगळे या धंद्यात उतरले. म्हणूनच आज हे तुमच्या-माझ्या आवाक्यात आलंय. मात्र प्लॅस्टरच्या करवतीची गोष्ट ऐकून कुणी लाकडाच्या पात्याजवळ बोट नेऊ नये. त्याचे दाते वेगळे असतात, ते कातडीला सोडत नाहीत.

आता हिर्डोशी. भोरहून वरंधा घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं, नीरा-देवघर धरणाच्या खोऱ्यातलं, जुन्या हिरडस मावळातलं हे गाव. पाऊस इथे धो धो, आणि घाटात दरडी कोसळू लागल्या की महाडकडची वाट बंद. घराचं लाकूड चार महिने ओल्या हवेत उभं असतं. सगळ्यात आधी कुजतो तो चौकटीचा पाय: फरशीला टेकलेला, झड आणि पुसलेलं पाणी दोन्ही पिणारा. तेवढा कुजका भाग काढून नवा तुकडा सांधायचा असेल तर अडचण जागेची येते. हातकरवत फरशीला लागून आडवी चालत नाही, पटाशीने ठोकत बसावं तर वरचं चांगलं लाकूड चिरतं. नेमकं इथे मल्टिटूल कामाला येतं. पातं फरशीवर सपाट टेकवायचं आणि चौकटीत सरळ आत घालायचं. गंजून डोकं उडालेला बिजागरीचा स्क्रू फटीतून कापणं, प्लायच्या फळीत स्विचबोर्डासाठी मधूनच चौकोन काढणं, मोरीतल्या टाइल्सच्या सांध्यातलं काळं पडलेलं सिमेंट खरवडणं, ही त्याच जातीची कामं. फुगलेलं दार मात्र यात धरू नका. लाकूड रुंदीत फुगतं, लांबीत जवळजवळ नाही. म्हणून फळ्यांचं दार श्रावणात कडीच्या बाजूला अडतं. तिथे रंधाच हवा, आणि तोही पावसाळ्यात जपून. जुलैत भरपूर रंधलेलं दार मे महिन्यात फट दाखवतं. दार खाली घासत असेल तर दोष बहुधा लाकडाचा नसून बिजागरीचा असतो. स्क्रू आधी आवळून बघावा.

अशा कामांसाठी कोन का महत्त्वाचा, हे गणितानेच बघू. बॉशच्या मशीनची नावं या बाबतीत प्रामाणिक आहेत. जीओपी 30-28 म्हणजे 300 वॅट आणि 2.8 अंश, 40-30 म्हणजे 400 वॅट आणि 3 अंश, 55-36 म्हणजे 550 वॅट आणि 3.6 अंश. हा कोन दोन्ही बाजूंचा मिळून असतो, म्हणजे 2.8 अंशांचं मशीन मध्यापासून 1.4 अंश इकडे आणि तेवढंच तिकडे जातं. पात्याचे दाते अक्षापासून 60 मिलिमीटरवर आहेत असं धरलं, तर 2.8 अंशांत दात्याची धाव सुमारे 2.9 मिलिमीटर होते आणि 3.6 अंशांत जवळजवळ 3.8. फरक मिलिमीटरभराचाही नाही, पण धावच तीन मिलिमीटरची असताना तो जवळपास तीस टक्के भरतो. आणि दात्याचं काम नुसतं लाकूड तोडण्याचं नाही, तोडलेला भुसा खाचेबाहेर ढकलण्याचंही आहे. धाव आखूड असेल तर भुसा खाचेतच घोळत राहतो, पातं घासून तापतं, लाकडाला करपट वास येतो आणि चालवणारा आणखी जोर लावतो. जोर लावला की पात्याला झुलायलाही जागा उरत नाही. मग मशीनच हातात थरथरतं आणि मुंग्या मनगटापर्यंत चढतात. वॅट वाढवून हे दुखणं बरं होत नाही, कारण डब्यावरचा वॅट म्हणजे मशीन वीज किती खातं एवढंच. त्यातली किती दात्यापर्यंत पोचते हे तो सांगत नाही. अडीचशे-तीनशे वॅटचं, पण तीन अंशांच्या पुढचं मशीन चौकटीचा पाय कापायला मला पुरेसं वाटतं. त्याला वेग कमी-जास्त करायची चकती हवीच. लोखंडावर आणि खरवडायच्या कामात वेग उतरवावा लागतो. एकाच वेगात चालणारं मशीन पाती जाळतं.

पाती हाच या मशीनचा खरा खर्च, आणि स्वस्ताईचा फसवा हिशेब इथेच उघडा पडतो. साध्या कार्बन स्टीलचं पातं लाकडात छान चालतं, पण जुन्या चौकटीत लपलेला एक खिळा लागला की त्याचे दाते जागच्या जागी सपाट. आपल्याकडच्या जुन्या चौकटीत खिळा नाही असं होत नाही. तिथे किमान बायमेटल हवं, ज्यात लवचीक पोलादाच्या पाठीला कठीण पोलादाचे दाते जोडलेले असतात. गंजक्या पण कडक स्क्रूला कार्बाइड, टाइलच्या सांध्याला कार्बाइडचा किंवा हिऱ्याचा कणीदार चाप. समजा मशीन तीन हजारांचं घेतलं आणि बरं पातं चारशेला पडलं, तर आठव्या पात्याला पात्यांचा खर्च मशीनच्या पुढे गेला. म्हणून पातं बसवायची जागा बघा. 2016 मध्ये फाइन आणि बॉशने मिळून स्टारलॉक नावाची पद्धत आणली. पात्याचं नाक खोलगट असतं, खटकन बसतं, चावी लागत नाही, पकड घट्ट. तिच्यात साधं, प्लस आणि मॅक्स अशा तीन पायऱ्या आहेत: मॅक्सच्या मशीनला तिन्ही पाती चालतात, साध्याला फक्त साधी. पकड उत्तम, पण बाजारातली चपटी, अनेक भोकांची ‘युनिव्हर्सल’ पाती तिथे बसत नाहीत. उलट स्वस्त मशीनचा स्क्रूने आवळायचा साधा सांधा दिसायला गावठी, पण त्याला पाच कंपन्यांची पाती लागतात. पातं भोरच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळालं नाही तर पुण्याची बोहरी आळी गाठावी लागणाऱ्या माणसासाठी ही गोष्ट पकडीपेक्षा मोठी. जे पातं संपल्यावर पुन्हा मिळणार नाही, त्याचं मशीन फुकट मिळालं तरी घेऊ नये.

यावर पहिला आक्षेप येतो तो ग्राइंडरचा. घरात चार इंची ग्राइंडर असतोच, त्याला लाकडाची दातेरी चकती लावली की काम होतं, वेगळं मशीन कशाला? या एका बाबतीत मला तडजोड मान्य नाही. ग्राइंडर मिनिटाला दहा-अकरा हजार पूर्ण फेरे मारतो. दातेरी चकती खिळ्यात किंवा गाठीत अडकली की तो सगळा जोर मशीनला उलटं फेकण्यात जातो, आणि समोर असते मांडी, नाहीतर तोंड. जाळी काढून तो चालवणारे तर सगळीकडे दिसतात. मल्टिटूलचं पातं अडकलं तर ते नुसतं थांबतं किंवा गुरगुरतं. पैशाचा सगळा हिशेब बाजूला ठेवला तरी एवढ्या एका फरकासाठी ते घ्यावं. त्यालाही चष्मा हवा, आणि टाइलचा सांधा खरवडताना नाका-तोंडाला मास्क हवाच. ती धूळ फुप्फुसाला वाईट. दुसरा आक्षेप सुताराचा, आणि तो जास्त वजनाचा आहे. सुतार पटाशी आणि छोट्या करवतीने तेच काम तासाभरात करतो, तेही सुबक. खरं आहे. पण तासाभराच्या कामासाठी सुतार आज खोऱ्यात वर यायला सहज मिळत नाही, आणि मिळाला तर त्याची अख्ख्या दिवसाची मजुरी द्यावीच लागते, द्यायलाच हवी. शिवाय त्याचं कसब त्याच्या हातात असतं, आपल्या हातात नाही. मल्टिटूल अडाणी हाताला थोडी चूक माफ करतं, एवढीच त्याची लायकी आणि तेवढाच त्याचा उपयोग.

तिसरा आक्षेप विजेचा: लाइट जाते, म्हणून बॅटरीचंच घ्या. ऐकायला पटतं, पण तपासून बघा. बॅटरीच्या मशीनची जाहिरातीतली किंमत बहुतेक वेळा नुसत्या बॉडीची असते. बॅटरी आणि चार्जर धरला की आकडा कुठल्या कुठे जातो. प्रत्येक कंपनीची बॅटरी वेगळी, आणि लिथियमची बॅटरी वापरली नाही तरी वयानं उतरते. वर्षातून चार वेळा लागणाऱ्या मशीनसाठी तो सौदा वाईट. तीनशे वॅटचं वायरवालं मशीन घरातल्या साइन वेव्ह इन्व्हर्टरवरही निघतं, म्हणजे लाइट गेल्याची सबब उरत नाही. दाब कमी असेल तर वेग मंदावेल, घाई करू नये. त्यात कार्बन ब्रश बाहेरून बदलता येत असतील तर मोटर वाइंडिंगवाल्याकडे सोय होते. स्वस्त मशीन घेताना हेही विचारून घ्यावं. मात्र घरात एखाद्या कंपनीचं अठरा व्होल्टचं ड्रिल आधीच असेल, तर माझं सगळं वकीलपत्र रद्द. त्याच बॅटरीवर चालणारी नुसती बॉडी घ्या. शेतात, गोठ्यात, छपरावर वायर ओढत नेण्यापेक्षा ते केव्हाही बरं, आणि पावसाळ्यात ओल्या जमिनीवर एक्स्टेंशन बोर्ड न पसरणं हा शहाणपणाही आहे.

चौथा आक्षेप मला सर्वात अडचणीत टाकतो: एकदाच चांगलं घ्या, जन्मभर चालेल. महागड्या मशीनचं बेअरिंग टिकतं, हादरा कमी, आवाज कमी. तासन् तास कोपरे घासायचे असतील, म्हणजे जुना रंग उतरवून दारं-खिडक्या पॉलिशला तयार करायच्या असतील, तर तिथे वॅट लागतातच; अडीचशे वॅटचं मशीन अर्ध्या तासात हात पोळेल इतकं तापतं. म्हणजे वॅटवर एवढी आगपाखड करून शेवटी त्यांच्याच दारात यावं लागतं. पण एका घराला असं काम किती वेळा पडतं? माझा कल इथे वेगळ्या दिशेला जातो. वाडीत एक, किंवा बचत गटाच्या चार-पाच घरांत एक मशीन असावं. पेरणीची अवजारं आणि लग्नाची भांडी आपण वाटून वापरतोच. मशीन सामाईक, पाती ज्याची त्याने आणायची, वापरून झाली की तेलाचा हात फिरवून डब्यात ठेवायची. नाहीतर श्रावणात त्यांच्यावर गंज चढलाच म्हणून समजा. सामाईक मशीन लवकर खराब होतं म्हणाल, तर होतं. म्हणून ते स्वस्तातलं घ्यावं, की पाच जणांत खर्च वाटला जातोय म्हणून भारीतलं घ्यावं? भारीतलंच, असं मला वाटतं. म्हणजे वरचा सगळा क्रम एकट्या घरासाठी खरा आणि पाच घरांसाठी निम्मा खोटा ठरला. वॅट तिथे वर सरकतात, किंमत खाली. मधली पाती मात्र दोन्हीकडे जागची हलत नाहीत: जिथे पातं मिळत नाही तिथे ते मशीन घेऊ नये. आणि कोन विचारल्यावर ज्या दुकानदाराला तो सांगता येत नाही, त्याला मशीन चालू करून पातं हातभर लांबून दाखवायला सांगावं. दात्यांची कड डोळ्यांना तीन मिलिमीटरभर पसरलेली दिसली तर पुढचं बोलणं करावं.