तेल तेथेंच आहे, पण काळ?

कूळ, शील आणि पत्रिका पाहून आपण सोयरीक जुळवितों. पण आयुष्याची पुंजी एखाद्या कंपनीच्या स्वाधीन करतांना मात्र पुष्कळदां नुसत्या बातमीवर भाळतों. 'समुद्रांत तेल लागलें' ही बातमी तर भल्याभल्यांस मोह घालणारी! दक्षिण अटलांटिक महासागरांतील फॉकलंड बेटांची हकीकत या दृष्टीनें विचार करण्याजोगी आहे.

या बेटांवर अंमल ब्रिटनचा आणि हक्क सांगणार अर्जेंटिना. १९८२ सालीं त्यावरून उभयतांत युद्ध झालें. तंटा मात्र मिटला नाहीं. १९९८ मध्यें बेटांच्या उत्तरेस समुद्रांत सहा विहिरी खणल्या गेल्या. तेलाच्या खुणा सांपडल्या. परंतु भाव पिंपामागें दहाबारा डॉलरांवर घसरल्यामुळें बड्या कंपन्यांनीं काढता पाय घेतला. २०१० च्या मे महिन्यांत रॉकहॉपर या लहान कंपनीस 'सी लायन' क्षेत्रांत खरोखरीच तेल लागलें. त्याच वर्षीं डिसेंबरांत डिझायर नांवाच्या दुसऱ्या कंपनीनें तेल मिळाल्याचें जाहीर केलें आणि थोड्याच दिवसांत तें पाणी निघाल्याचें सांगितलें! तिचे शेअर धाडकन् कोसळले.

विहीर कोरडी निघाली तर निदान निकाल तरी लागतो. खरी परीक्षा तेल लागल्यावरच सुरू होते. सी लायनचें तेल मेणचट. तें ऊन ठेवावें लागतें. जवळ मोठें बंदर नाहीं. शेजारचें राष्ट्र वैरी. २०१५ मध्यें तेथील न्यायाधीशानें या कंपन्यांची मालमत्ता जप्त करण्याचा हुकूम काढला. त्याच सुमारास तेलाचे भावहि उतरले. एक मोठी भागीदार कंपनी २०२१ मध्यें बाहेर पडली, २०२२ मध्यें दुसरी आली, आणि काम पुढें नेण्याचा निर्णय जाहीर व्हावयास २०२५ चा डिसेंबर उजाडला.

माझा पुतण्या हिशेबांत हुशार आहे. हें ऐकून तो म्हणाला, "काका, तेल तेथेंच आहे ना? मग बिघडलें काय?" मीं त्याला म्हटलें, "अरे, तेल पळत नाहीं, पण व्याज पळतें. शेंकडा सात दरानें, चक्रवाढीनें ठेवलेले शंभर रुपये पंधरा वर्षांत सुमारें पावणेतीनशें होतात. तेवढें मिळालें नाहीं, तर तोटा कोणत्याहि वहींत न दिसतां झालेलाच असतो." शिवाय उत्पन्न नसलेल्या कंपनीला खर्चासाठीं नवे शेअर विकावे लागतात. भाकरी तीच, खाणारे मात्र वाढतात. जुन्या भागीदाराचा तुकडा लहान होतो.

म्हणून अशा धंद्यांत कोणीं पडूंच नये असें माझें म्हणणें नाहीं. साहसावांचून तेल निघत नाहीं, हें खरेंच. परंतु तेल आहे कीं नाहीं, एवढेंच विचारून भागत नाहीं. तें निघेपर्यंत खर्च कोण सोसणार, कायदा कोणाचा चालणार आणि विलंब झाला तर आपण कोठवर थांबूं शकूं, हेंहि विचारलें पाहिजे. मुलांच्या शिक्षणाची व वडिलांच्या औषधपाण्याची वेळ ठरलेली असते. परराष्ट्रांचीं भांडणें मिटण्याची वेळ कोणीं ठरविलेली नसते.