सासूबाई, मुलं आणि पेंढा भरलेले पक्षी



सासूबाई तीन महिन्यांसाठी आमच्याकडे लेस्टरला आल्या होत्या. चातुर्मास सुरू व्हायच्या आत सांगलीला परत जायचं हे त्यांनी येतानाच ठरवलं होतं, आणि त्यात मी बदल करून घेणार नाही हे त्यांनाही माहीत होतं. जूनचा शेवटचा आठवडा उरला आणि माझ्या लक्षात आलं की ऑक्सफर्ड स्ट्रीटवरचं मंदिर, इंडियन दुकानांची रांग आणि आमचं मागचं अंगण एवढंच त्यांनी पाहिलं आहे. मंदिर त्यांना फार आवडलं. जुन्या चर्चच्या इमारतीत 1988 साली प्रतिष्ठा झालेलं, आत श्वेतांबर आणि दिगंबर दोन्ही मूर्ती. रोज दर्शन घडलं की त्यांचं समाधान. पण नातवंडांबरोबर एक अख्खा दिवस बाहेर, असं काही झालंच नव्हतं.

थोरला नऊ वर्षांचा, धाकटी पाचाला टेकलेली. थोरल्यानेच जागा सुचवली. डर्बीशायरमधली कॉक ॲबी. (स्पेलिंगमध्ये एक ल आहे, पण तो म्हणत नाहीत. मी दोन वर्षं म्हणत होते.) आमच्यापासून पाऊण तासाचा रस्ता. मोठा वाडा, हरणांचं पार्क, भिंतीआडची बाग, आणि नोकरांनी मालकांच्या नजरेस पडू नये म्हणून खणलेले बोगदे. नॅशनल ट्रस्टचं वर्षाचं सभासदत्व आमच्याकडे आहेच, म्हणजे जेवढ्या वेळा जाऊ तेवढं ते स्वस्त पडतं. तुमच्यापैकी जिची मुलं लहान आहेत तिने हे एकदा करून बघावं, पाच वर्षांखालच्यांना तसंही तिकीट नसतं.

अडचण एकच होती. थोरल्याला बोगदे नको होते, त्याला पक्षी बघायचे होते. मेलेले. कॉक ॲबीचे एक मालक सर वॉन्सी हार्पर क्रू, 1846 ते 1924, यांना पेंढा भरलेले पक्षी-प्राणी, अंडी, फुलपाखरं जमवण्याचा नाद होता. वारल्यावर कर भरायला त्यातलं काही विकलं, तरी उरलेल्या काचेच्या पेट्यांनी घर भरलेलं आहे. थोरल्याच्या शाळेत व्हिक्टोरियन काळावर प्रकल्प चालू होता, त्यात त्याने हे नाव शोधून काढलं होतं.

आता तुम्हीच सांगा. ज्या बाई मुंगी दिसली तर झाडू बाजूला ठेवतात, त्यांना मी अशा घरात घेऊन जाऊ? हे म्हणाले, आईला बागेत बसवू, मी बसतो तिच्याजवळ, तू पोरांना आत फिरवून आण. योजना चांगली होती. पण मला काळजी खरी थोरल्याची होती. महिन्यापूर्वी मित्राच्या वाढदिवसाहून आला आणि गाडीत म्हणाला, मम्मा, सॉसेज रोलचा वास चांगला येतो. खाल्ला नव्हता, नुसतं सांगत होता. मी ओरडले नाही. रात्री मात्र झोप लागली नाही. असा मुलगा त्या पेट्यांसमोर आनंदाने उभा राहिला तर आपण काय करायचं, हे मला ठरवता येत नव्हतं.

असो. शिदोरीचं सांगते, कारण प्रत्येक वेळी तुम्ही तेच विचारता. आदल्या दिवशीचं चालत नाही, म्हणून साडेचारला उठले. जूनमध्ये इथे तेव्हा उजाडलेलंच असतं. दुधात भिजवलेल्या कणकेच्या दशम्या, कोथिंबिरीची धपाटी, कच्च्या केळ्याची सुकी भाजी, लसूण न घातलेली शेंगाची चटणी, दहीभात. दशमी मऊ राहायला तव्यावरून काढली की लगेच तूप लावून कापडात गुंडाळायची, फॉइलमध्ये घातली की घाम सुटतो. चटणी कुटताना धाकटीने विचारलं, बटाटा जमिनीखाली म्हणून नाही, मग शेंगा कशा चालतात? मी म्हटलं, शेंग म्हणजे मूळ नाही, बी आहे, वाळते. तिला पटलं की नाही कोण जाणे, दोन चमचे चटणी तशीच खाल्ली. तिथल्या कॅफेच्या भरवशावर जाऊ नका. मुलांना पुढे केलेल्या गोळ्यांत जिलेटिन असतं, केकात अंडं, आणि मग ते तोंड आपल्यालाच बघावं लागतं. सासूबाईंनी गाळलेलं पाणी स्वतःच्या फिरकीच्या तांब्यात भरून घेतलं. तीर्थयात्रेला निघाल्यासारखा तो तांब्या मांडीवर धरून त्या पुढच्या सीटवर बसल्या.

वाटेत मी त्यांना सगळं सांगून टाकलं. लपवून तिथे नेणं बरं वाटेना. "घरात मारलेले पक्षी आहेत आई, तुम्ही बाहेर बसलात तरी चालेल." त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "पोरगं बघणार ते मी बघीन की. मागनं त्याला काय सांगायचं ते तरी कळंल."

पार्क बघून त्या खूश झाल्या. ओकची झाडं इतकी जुनी की एकाचं वय हजार वर्षांच्या वर धरतात, बुंधा पोकळ, तरी वर पालवी. हरणं लांबून दिसली. वाडा मात्र त्यांना पडीक वाटला, आणि तो तसा आहेच. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेला, वीज आली ती 1962 साली. मालक 1981 मध्ये वारले तेव्हा वारसा कर निघाला सुमारे 80 लाख पौंड, म्हणून 1985 मध्ये घर ट्रस्टकडे गेलं. ट्रस्टने ते चकचकीत केलं नाही, जसं सापडलं तसंच राखलं. सोललेला वॉलपेपर, कोपऱ्यात ढीग लावलेल्या खुर्च्या, मोडकी खेळणी. सासूबाई म्हणाल्या, "ह्यांनी काहीच टाकून दिलं नाही वाटतं." खरंच नाही दिलं. पिढ्यान्‌पिढ्या एकेक खोली भरली की तिला कुलूप घालून पुढच्या खोलीत राहायला जायचे म्हणे.

दारातच भिंतीवर लांब शिंगांच्या गाईबैलांची मुंडकी. सासूबाईंनी पदर डोक्यावर घेतला आणि ओठ हलायला लागले. णमोकार चालला होता. मी त्यांचा हात धरला. धाकटी माझ्या ओढणीत तोंड खुपसून म्हणाली, "त्यांचं बाकीचं अंग भिंतीपलीकडे आहे का?" मी हो म्हटलं. खोटं बोलले. ह्यांनी तिला उचललं आणि बागेकडे नेलं.

थोरला धावत पुढे गेला होता. मोठ्या दिवाणखान्यात खालपासून वरपर्यंत पेट्या, त्यांत पक्षी, कुणी पंख उघडलेले, कुणी पिलांना भरवताना. तो एकेका पेटीला नाक लावून नावं वाचत होता. मम्मा बघ, मम्मा हा बघ, किती सुंदर! आणि सुंदर होते, मैत्रिणींनो. मला तेच खटकत होतं. मी म्हणायला गेले, अरे पण हे मारलेले आहेत. तो म्हणाला, "आय नो," आणि पुढच्या पेटीकडे गेला. माझ्या पोटात खड्डा पडला.

सासूबाईंचा गुडघा दुखायला लागला. तिथल्या जुन्या खुर्च्यांवर बसू नये म्हणून त्यांवर पाइनची वाळकी फळं ठेवलेली असतात. खोली सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या स्वयंसेवकाने पटकन उठून त्यांना आपली स्वतःची खुर्ची दिली. ह्यांना इंग्रजी येत नाही, त्यांना मराठी. तरी त्यांचं काहीतरी बोलणं झालं. हातवारे करून त्याने सांगितलं की त्यालाही गुडघा आहे.

पुढच्या खोलीत जाऊ नका म्हटलं तरी त्या उठल्या. एका अंधाऱ्या दालनात काचेआड एक पलंग आहे. चिनी रेशमाचे पडदे, त्यावर भरतकाम. 1734 च्या लग्नात नवरीला मिळाला असावा म्हणतात, पण तो कुणी कधी लावलाच नाही, खोक्यात तसाच राहिला. ऊन न लागल्यामुळे रंग अजून कालचे वाटतात. निळ्यावर ड्रॅगन, पक्षी, फुलं. हे मी पाटीवरून वाचून सांगितलं. सासूबाई काचेजवळ गेल्या, इतका वेळ उभ्या राहिल्या की मी गुडघ्याची आठवण करून दिली. मग म्हणाल्या, "माझा शालू असाच हाय. एकदाच नेसले, लग्नात. ट्रंकेत."

इथे मला मागचं सांगावं लागेल. पाच वर्षांपूर्वी एका शिबिरात आम्हाला रेशीम कसं होतं ते दाखवलं. कोश उकळतात, किडा आत असतानाच, नाहीतर तो धागा तोडून बाहेर येतो. एका साडीला असे हजारो. त्या दिवसापासून मी रेशीम सोडलं. पुढे धाकट्या दिरांच्या लग्नात मी सुती साडी नेसून उभी राहिले आणि सासूबाईंना ते लागलं. चारचौघांत काही बोलल्या नाहीत. पण घरी गेल्यावर म्हणाल्या होत्या, आम्ही काय सगळ्या पापी? तो शब्द आम्ही दोघींनीही पुन्हा काढला नव्हता. त्यांनी माझ्यासमोर त्या शालूचं नाव घेतलं ते पाच वर्षांनी.

मी काहीच बोलले नाही. काय बोलणार होते?

जेवायला पार्कात चादर अंथरली. गवत वाढलेलं होतं, म्हणून आधी हाताने चाचपून किडेमुंग्या नाहीत अशी मोकळी जागा बघितली, मुलांनाही हे आता सवयीचं झालंय. धपाटी दोन मिनिटांत संपली. थोरला दहीभात कालवत अचानक म्हणाला, "आज्जी, त्यांना बर्ड्‌स इतके आवडायचे, तर मारले कशाला?"

मी उत्तर तयार ठेवलं होतं, अहिंसेवरचं, लहान मुलांना समजेल असं. सासूबाईंनी मला हातानेच थांबवलं. म्हणाल्या, "आवडलं म्हणूनच बाळा. आवडलं की घरात आणून ठेवावंसं वाटतं. उडणारा पक्षी घरात कसा ठेवायचा?" थोडा वेळ गेला. "मला पण रेशमाची साडी लई आवडली होती. माझ्या बापानं शेंगा विकून आणली. किडं मरत्यात हे तवा मला ठाऊक नव्हतं. ठाऊक झाल्यावर मी ती कुणाला देऊन टाकली नाही. ट्रंकेत ठेवली. वरसाला एकदा काढून बघते."

थोरल्याने विचारलं, "मग तू बॅड आहेस?" मी त्याला दटावणार तेवढ्यात त्या हसल्या. "ते तुझ्या आईला इचार."

माझे कान लाल झाले. मैत्रिणींनो, मी त्यांना कधी पापी म्हटलं नव्हतं. पण त्या लग्नात मी सुती साडी नेसून उभी राहिले तेव्हा माझी मान जरा ताठ होती, हे मला ठाऊक आहे, आणि त्यांनाही. मी म्हटलं, "नाही रे. आज्जी चांगली आहे." एवढंच जमलं. त्यांनी माझ्या ताटात अर्धी दशमी वाढली, मी नको म्हणत असताना.

नंतर बाग पाहिली. फुलांच्या कुंड्या नाटकाच्या रंगमंचासारख्या पायऱ्यांवर मांडायची एक जागा तिथे आहे, तिच्यासमोर धाकटीने नाच केला. बोगद्यात थोरल्याने ओरडून आवाज घुमवला. पेट्यांचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही, आणि सॉसेज रोलचंही नाही. त्याच्या मनात काय चाललंय ते मला कळत नाही. कळलं असतं तर बरं झालं असतं. प्रकल्पाच्या वहीत त्याने परवा एका कबुतराचं चित्र काढलं, काचेशिवाय. पण ते मुद्दाम की पेटी काढायचा कंटाळा, हे मी विचारलं नाही.

घरी पोचलो तेव्हा सात वाजले होते, ऊन अजून भिंतीवर. सूर्यास्त साडेनवाला. सासूबाईंना तीन महिन्यांतही हे पटलेलं नव्हतं. "उजेड हाय म्हणून काय नवाला जेवायचं?" म्हणत त्यांनी पावणेआठला जेवून हात धुतले, फिरकीचा तांब्या घासून पालथा घातला आणि बॅग भरायला बसल्या.

मी कपड्यांच्या घड्या करून देत होते. त्या म्हणाल्या, "शालू धाकटीसाठी ठेवला होता मी. आता तू म्हणशील तसं."

मी म्हटलं, "आई, पुढच्या दिवाळीत येतो ना आम्ही, तेव्हा ट्रंक उघडू. मला दाखवा एकदा. मी कधी बघितलाच नाही."

"बघ की," त्या म्हणाल्या, आणि शेंगाची चटणी किती उरली ते विचारलं, विमानात न्यायला.