कोड

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. बी.एड.च्या पुस्तकात स्वमग्नतेला जेमतेम अर्धे पान होते. वर्गात आल्यावर मात्र अशी मुले प्रत्यक्ष भेटली. नावाने हाक मारली तरी वळून न पाहणारी, पंख्याकडे एकटक बघत बसणारी, सुट्टीची घंटा वाजताच दोन्ही कान दाबून धरणारी. मोहल्ल्यात त्यांच्यासाठी नावे तयारच असतात. कोणी म्हणते 'सीधा है', कोणी 'जिद्दी है', तर कोणी दबक्या आवाजात 'असर है'. शाळेच्या कागदावर ती सरसकट 'मतिमंद' होतात. आणि दवाखान्यात त्यांना मिळतो एक आकडा. त्या आकड्याविषयी आपल्या समाजात कोणी बोलत नाही, म्हणून हे लिहितो आहोत.

आमच्या वर्गात असाच एक मुलगा आहे, नऊ वर्षांचा. लहान सूरह एकामागून एक न चुकता म्हणतो. पण तहान लागली तर 'पानी' म्हणत नाही. अम्मीचा हात धरतो, माठापाशी नेतो आणि झाकणावर ठेवतो. दादीचे म्हणणे, "जिसको इतनी सूरतें याद हैं, वो बीमार कैसा?" दादीचा प्रश्न खोटा नाही. पण पाठ असणे वेगळे आणि आपली गरज दुसऱ्याला सांगता येणे वेगळे. स्वमग्नतेत गाठ बसते ती बहुधा या दुसऱ्या जागी.

एकदा त्याची अम्मी घाबरीघुबरी होऊन शाळेत आली. एका कार्यालयात तिला सांगितले होते की चिठ्ठीवर कोड लिहून आणा. "आपा, मेरे बच्चे को कोढ़ कायकू बोले? आंग पे तो एक दाग नई." आम्ही तिला बसवले, पाणी दिले आणि पिनकोडचे उदाहरण दिले. जागतिक आरोग्य संघटना आजारांची आणि अवस्थांची एक यादी ठेवते, आयसीडी नावाची. तिच्यात प्रत्येकाला एक संकेतांक असतो. पिनकोडवरून पत्र आपल्या भागात पोचते, पण घरात कोण राहते, काय खाते, कशाला हसते हे पिनकोड सांगत नाही. तसाच हा कोड.

ही यादीही काही दगडावरची रेघ नाही. लिओ कॅनर या डॉक्टरांनी १९४३ साली ११ मुलांचे वर्णन करून स्वमग्नता वेगळी दाखवली. तरीही यादीच्या आठव्या आवृत्तीत ती स्किझोफ्रेनियाच्या पोटात होती. नवव्या आवृत्तीत २९९.० हा स्वतंत्र आकडा मिळाला, पण तोही मनोविकृतीच्याच प्रकरणात. दहावीत ती विकासाच्या विकारांत आली आणि एफ ८४.० झाली. अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली, तिच्यात आकडा आहे ६ए०२. मुले तीच होती, खण बदलत गेले. आपल्याकडेही १९९५च्या अपंग कायद्यात स्वमग्नतेचे नाव नव्हते. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ते आले, आणि २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या २१ प्रकारांत त्याला जागा मिळाली.

मग आकडा चुकला तर काय बिघडते? या मुलाच्या पहिल्या चिठ्ठीवर एफ ७१ होते, म्हणजे मध्यम मतिमंदत्व. तपासणी दहा मिनिटांची, प्रश्न मराठीत. घरात बोली दखनी, शाळेत उर्दू. मूल गप्प राहिले आणि गप्प राहणे म्हणजे न समजणे असे कागदावर उतरले. त्या आकड्याने त्याची स्मरणशक्ती पुसली, आणि ज्या मदतीची गरज होती, म्हणजे संवाद शिकवणे, तीही दिसेनाशी झाली. नव्या आवृत्तीत बौद्धिक विकास आणि वापरातली भाषा या दोन गोष्टी वेगवेगळ्या नोंदवायच्या असतात. हे चांगले झाले. पण मुलाची भाषा कोणती, हे आधी विचारायला हवे.

दुसऱ्या तपासणीआधी आम्ही दोन पाने लिहून दिली. 'हुशार आहे', 'हट्टी आहे' असे शेरे टाळले. घंटा वाजल्यावर काय करतो, किती वेळ करतो, बोलावल्यावर किती वेळा वळतो, पाणी कसे मागतो, एवढेच लिहिले. डॉक्टरांनी ती पाने शांतपणे वाचली, अम्मीशी हिंदीत बोलले. या वेळी चिठ्ठीवर एफ ८४.० आले.

प्रमाणपत्रासाठी केंद्र सरकारने २०१६ मध्ये जी भारतीय मोजपट्टी मान्य केली, तिच्यात ४० विधाने असतात. प्रत्येकाला १ ते ५ गुण. बेरीज ७० च्या खाली राहिली तर स्वमग्नता नाही असे धरतात. ते गुण मुलाला पाहून आणि आईवडिलांना विचारून दिले जातात. इथे आपल्या आया लाजतात. 'हमेशा' म्हणण्याऐवजी 'कभी कभी' म्हणतात. बेरीज घटते, टक्का घटतो, आणि ४० टक्क्यांच्या खाली गेला की बहुतेक सवलतींचे दार बंद होते. बहिणींनो, तिथे लेकराची अब्रू झाकायची नसते, खरे सांगायचे असते.

पण खरी अडचण त्याच्याही पुढची आहे. ती नवी चिठ्ठी सध्या लोखंडी पेटीत, कपड्यांच्या तळाशी आहे. अब्बा म्हणतात, "पहले लडकी का रिश्ता हो जाने दो." मोठी बहीण अठराची. सरकारी प्रमाणपत्र झाले, बात फैली, तर लोक मागे हटतील ही त्यांना भीती. ती भीती आम्ही खोटी म्हणत नाही. रिश्ते असे मोडलेले आम्हीही पाहिले आहेत. पण मुलगा नऊ वर्षांचा आहे. त्याच्या शिकण्याची वर्षे निकाहाच्या तारखेसाठी थांबणार नाहीत.

दुआ मागावी, आम्हीही मागतो. दर्ग्यावर जाणाऱ्या अम्मीला आम्ही अडवत नाही. पण रिश्ता बघायला येणाऱ्यांनी आपल्याच मनाला विचारावे की भावाच्या चिठ्ठीत बहिणीचा काय गुन्हा. आणि आमच्या शिक्षक भाऊबहिणींना एवढेच सांगणे, की अशा मुलासाठी एक वही वेगळी ठेवा. रोज दोन ओळी लिहा, तारीख घाला, आणि मूल घरी कोणत्या बोलीत बोलते ते पहिल्या पानावर नोंदवा. आमच्या मुलाची वही तयार आहे. अब्बा ज्या दिवशी पेटी उघडतील, त्या दिवशी ती त्यांच्यासोबत द्यायची आहे.